यादव गावितचा दोर

१

यादव गावित मेला तो कारभारी शिरसाठमुळे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कंपनीच्या अहवालात ते कुठंही लिहिलेलं नाही. अहवालात धूर आहे, बारदान आहे, 'दुर्दैवी' हा शब्द दोनदा आहे, आणि खाली शिरसाठची वळणदार सही आहे.

शिरसाठला सगळे नाना म्हणत. सातपूरला रंग बनवणारी एक कंपनी होती, तिचा स्वतःचा बंबखाना होता. एक बंब, सहा माणसं, ओले पाइप वाळत घालायचा चाळीस फुटी मनोरा, आणि या सगळ्याचा जमादार नाना. वय बावन्न, गाव येवल्याकडचं. आपण आजवर किती आगी विझवल्या ते तो न विचारता कुणालाही सांगे. किती ठिकाणी उशिरा पोचलो, असं विचारलं की पान थुंकायला उठे.

नाथा साळवे त्याच्या हाताखाली लागला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून आलेला. वडील रंगनाथ साळवे पोस्टात कारकून. त्यांच्या कॉलनीतून कॉलेजात गेलेलं हे पहिलंच पोर, आणि त्यानंच वह्या फेकून बंबावरची नोकरी धरली, हे बापाच्या घशाखाली कधी उतरलं नाही. पण प्राध्यापकांनी पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवायच्या आणि पोरांनी त्या उतरवून घ्यायच्या, याला शिक्षण म्हणत असतील तर ते तुम्हालाच लखलाभ, असं नाथाचं म्हणणं होतं. ते त्यानं बापाला तोंडावर ऐकवलंही होतं.

बंबखान्यात त्याला एकच गोष्ट मनापासून पटली होती. दोराची भाषा.

धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला जाड सुती दोर बांधायचा. दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. धुरात डोळे चालत नाहीत, हाक पोचत नाही; काय बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे 'ठीक आहे'. दोन म्हणजे 'ढील दे'. तीन म्हणजे 'मला बाहेर काढ'. बाहेरच्यानं दर मिनिटाला एक हिसका देऊन विचारायचं, ठीक आहेस ना. आणि हिसका कुठल्याही टोकाकडून येवो, दुसऱ्यानं तेवढेच हिसके परत द्यायचे. उत्तर आलं नाही तर आतल्यानं समजायचं की बाहेर दोरावर कुणी नाही, आणि ताबडतोब दोर चाचपत माघारी फिरायचं.

हे सगळं शिकवलं नानानंच. शिकवायला तो चांगला होता. दोन्ही पाय फाकवून, अंग किंचित मागं टाकून, दोर पाठीमागून घेऊन मुठीत कसा धरायचा ते तो असा दाखवी की बघत राहावं. "हातात दोर हाय तवर आतला माणूस तुमचा बाप हाय," म्हणे. "बापाला सोडून कुठं जायचं नाय."

२

डिसेंबर १९७९. दुपारचे साडेबारा. पंचवटीच्या बाजूला बारदानाची एक वखार पेटली. गावातला बंब दुसऱ्या आगीवर होता म्हणून कंपनीला फोन आला. कंपनीचा बंब त्र्यंबक रस्त्यानं घंटा वाजवत, टांग्यांतून आणि सायकलींतून वाट काढत तिथं पोचेपर्यंत पाचशे माणसं जमली होती.

या पाचशे माणसांबद्दल बोललंच पाहिजे. आग लागली की नाशिककर आधी छपरावर चढतो आणि मग बंबवाल्यांना शिव्या देतो. "आले बघा, राख झाल्यावर." "कारखानदारांचा बंब हा, गरिबाच्या आगीला थुंकी पण देणार नाही." एकानं खडा मारला. तो बंबाच्या घंटेवर बसला आणि लोक हसले.

बारदान जळतं कमी, धुमसतं जास्त. वखारीच्या दारातून पिवळट, जाड धूर बाहेर लोटत होता. कुणीतरी ओरडलं, रखवालदार आतच आहे. नाना म्हणाला, "कोण जातो?" यादव गावितनं कमरेला दोर बांधायला घेतला.

यादव पेठच्या पलीकडचा, डोंगरातल्या कोकणा आदिवासी घरातला. चोवीस वर्षांचा, काटकुळा, छाती मात्र भात्यासारखी. बोलायचा इतकं कमी की नव्या माणसाला तो मुका वाटे. नाथाचं त्याच्याशी जमे, कारण तो कुणाला उपदेश करत नसे. दुपारी दोघं मनोऱ्याच्या सावलीत बसून एकमेकांच्या डब्यातलं खात.

तोंडाला ओलं फडकं बांधून यादव आत गेला. दोर नानानं धरला. नाथा पाइपाच्या तोंडाशी होता, पाणी मारत. पहिली दहा मिनिटं सगळं शिकवल्यासारखं चाललं. बाहेरून एक, आतून एक.

मग गर्दीतून एक जण म्हणाला, "ते मिशीवाले बघा, दोर धरून उभे आहेत. म्हैस चरायला सोडलीय का, जमादार?"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "पगार खातो आणि उभा राहतो. लाज नाही."

नानाचा चेहरा उतरला. बावन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा दोन टवाळ पोरांच्या बोलण्यानं उतरतो, हे नाथानं तेव्हा पाहिलं. नानानं इकडंतिकडं बघितलं, आणि बंबाच्या मागच्या बाजूला, पंपाशेजारी जी लोखंडी दांडी होती तिला दोराची गाठ मारली. मग तरातरा येऊन त्यानं पाइपाचं तोंड नाथाच्या हातून काढून घेतलं आणि गर्दीला दिसेल असं पुढं होऊन तो पाणी मारायला लागला.

"नाना, दोर?" नाथानं विचारलं.

"बांधलाय. पळून जात नाय तो."

लोक खूश झाले. कुणी शिट्टी वाजवली.

नाथा मागं पाइप धरून होता. तिथून त्याला दोर दिसत होता. पंप चालू होता, त्याची धडधड दांडीत उतरली होती आणि दांडीतून दोरात. दोर सारखा थरथरत होता. त्या थरथरीतूनच तो एकदम जमिनीवरून उचलला गेला आणि पडला. पुन्हा उचलला गेला. पुन्हा. तीन वेळा.

"नाना, दोर ओढतोय तो. तीन."

"पंपानं हालतोय रे. पाइप धर."

थोड्या वेळानं परत तीन. नाथानं ते पाहिलं. त्यानं असे सहा वेळा तीन-तीन हिसके मोजले आणि मग तो दुसरीकडे बघायला लागला. पंपानं हालत असेल. नानाला वीस वर्षांचा अनुभव होता. पाइप सोडला असता तर नाना पाण्याच्या जोरानं पडला असता. अशी बरीच कारणं होती आणि ती सगळी नाथाला त्याच वेळी सुचली.

रखवालदार समोरच्या हॉटेलात मिसळ खात होता. खाऊन झाल्यावर तोही गर्दीत येऊन उभा राहिला.

चाळीस मिनिटांनी धूर कमी झाला तेव्हा यादव सापडला. मागच्या भिंतीला टेकून बसलेला होता. दोर त्यानं मुठीला दोन वेढे देऊन घट्ट धरला होता. अंगावर कुठं भाजल्याची खूण नव्हती. उत्तर आलं नसतं तर तो माघारी फिरला असता. नियम त्याला पाठ होता. पण दोर त्याच्या हातात सारखा हलत होता, म्हणजे पलीकडे माणूस होता. काढतील आता, म्हणून तो बसून राहिला होता.

३

चौकशी कंपनीच्याच एका खोलीत झाली. टेबलावर हिरव्या बनातीचं कापड, कापडावर पाण्याचे ग्लास. साहेबानं नाथाला विचारलं, "दोर पूर्ण वेळ शिरसाठांच्या हातात होता?"

आदल्या संध्याकाळी नाना घरी येऊन गेला होता. नाथाशी तो बोललाच नाही. रंगनाथरावांशी बोलला, पाटावर बसून, चहा पीत. दोन म्हातारे असे गुडघ्याला गुडघा लावून बसले की समजावं, कुणाची तरी मान कापली जातेय.

"पोरगं चांगलं हाय तुमचं," नाना म्हणाला. "जुलैत कायम होईल. मी लिहिणार हाय तसं."

तो गेल्यावर बाप म्हणाला, "जेवढं विचारतील तेवढंच बोल. गेलेला काही परत येत नाही."

"पण त्यांनी दोर बांधला होता, दादा. मी पाहिलंय."

"पाहिलंस ना? मग तेव्हाच का नाही बोललास?"

का ते बापाला माहीत होतं, म्हणून तर त्यानं विचारलं. आयुष्यभर खरं बोलायला शिकवणारा माणूस, आणि त्याला नेमकं कुठं बोट घालायचं ते कळलं.

"होय साहेब," नाथा म्हणाला. "पूर्ण वेळ."

"आतून काही हिसका?"

"नाही."

४

दोर कुठं फाटला नव्हता, जळला नव्हता. तो धुतला आणि मनोऱ्यात वाळत घातला. मनोरा म्हणजे विटांची उभी, अरुंद खोली. वर कप्पी, खाली फरशी, एका बाजूला लोखंडी शिडी. आत पाइप लोंबत असतात, थेंब गळत असतात. रोज सकाळी दहाला आत जायचं, पाइप वाळले का बघायचं आणि दोराला वरपासून खालपर्यंत हात लावून कुठं तंतू सुटलाय का ते तपासायचं, हे काम नाथाचं.

आठ दिवसांनी, दोराला हात लावल्यावर त्याला पंप लागला.

पंप लागला असंच त्याला वाटलं. बंबाचा पंप चालू असताना दांडीवर हात ठेवला की जी धडधड तळव्यात शिरते, तीच. तो बाहेर आला. बंब जाग्यावर, इंजिन थंड. ड्रायव्हर पुंजाराम चाकाला टेकून पेपर वाचत होता.

"पंप चालू केला होतास का आता?"

"पाणी कुठंय टाकीत, पंप चालू करायला?" पुंजाराम म्हणाला.

नाथा बुद्धीनं चालणारा पोरगा होता. त्यानं विचार केला. शेजारी कंपनीचा कॉम्प्रेसर आहे. जमिनीतून हादरा भिंतीत येतो, भिंतीतून कप्पीत, कप्पीतून दोरात. पण मग शेजारी लोंबणाऱ्या पाइपांत तो का नाही? पाइप जड, दोर हलका. झालं, जमलं.

शनिवारी सातपूरच्या वसाहतीत वीज बंद असे, कंपन्यांना सुट्टी असे. बंबखान्यावर तेवढे दोघं-तिघं असत. त्या शनिवारी नाथा मुद्दाम मनोऱ्यात गेला. बाहेर इतकं सामसूम की लांब कुठंतरी कुणीतरी कपडे आपटतंय ते ऐकू येत होतं. त्यानं दोरावर तळवा ठेवला.

धडधड होती.

त्यानं हात काढला नाही. वारा असेल, मनोऱ्याला वर झरोके आहेत. आपल्याच हाताची नाडी असेल. तो नाडी मोजायला लागला. दोन्ही वेगवेगळ्या चालल्या होत्या.

आणि मग दोराला वरून एक हिसका आला.

छोटासा, नेमका. दोर कप्पीवरून आलेला, दुसरं टोक त्याच्या पायाशी वेटोळं होऊन पडलेलं. ओढणारं कुणी नव्हतं. नाथा वर बघत राहिला. पण तोवर त्याच्या हातानं काम केलं होतं. वर्षभराची सवय होती हाताला. हातानं एक हिसका परत दिला होता.

धडधड थांबली. जणू पलीकडच्याचं समाधान झालं.

५

जानेवारीत यादवची आई आली. ठमाबाई. पेठहून एसटीनं, सीबीएसच्या स्टँडवर उतरून, तिथून विचारत विचारत पायी. बरोबर कुणी नव्हतं. यादवचे कपडे आणि ताटली न्यायला आली होती. नानानं तिला खुर्ची दिली. ती मनोऱ्याच्या पायरीवर बसली.

चहा झाला, कपड्यांचं गाठोडं झालं, तरी ती उठेना.

"एक विचारायचा होता," ती म्हणाली. "तुमचा तो दोर असतं ना. माझ्या पोऱ्यानं सांगितला होता मला. तीन वेळा वढला का बाहेर काढतात. त्यानं वढला का?"

नानानं मिशीवरून हात फिरवला. "एकदाबी नाय, बाई. धुरानं गुंगी येती. माणूस झोपतो. त्याला काय कळलंबी नसंल."

ठमाबाईनं ते ऐकून घेतलं. मग नाथाकडे बघितलं. "तू त्याच्यासंगं जेवायचास ना? नाथा ना तू?"

"हो, मावशी."

"तू होतास तिथं. तू सांग."

नाना खाकरला. अंगणात पुंजाराम बंब पुसत होता, त्याचा हात थांबला. नाथाला वाटलं, आता बोलावं, दोन वाक्यं तर आहेत. त्यानं तोंड उघडलं.

"नाही ओढला, मावशी."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "मंग झोपलाच असंल," ती म्हणाली. "लहानपणी बी असाच कुठं बी झोपायचा." उठताना तिनं आधारासाठी मनोऱ्याच्या दारातून आत हात घातला आणि तिच्या हाताला दोर लागला. ती तशीच थांबली. दुसरा हातही तिनं दोरावर ठेवला.

"यो हालतं," ती म्हणाली.

"वारा हाय, बाई," नाना म्हणाला.

"वाऱ्यानं असा नाय हालत." तिनं दोर सोडला आणि तळवा लुगड्याला पुसला. "कोणी विचारतं तसा हालतं."

तिला फाटकापर्यंत सोडायला नाथा गेला नाही. नानाच गेला, हात जोडत. परत येऊन म्हणाला, "म्हातारीला बरं वाटलं बघ. खरं सांगून काय मिळालं असतं? रातभर जागीच राहिली असती ना?"

असं हे मोठ्यांचं शहाणपण.

६

त्यानंतर ते रोजचं झालं. नाथा मनोऱ्यात गेला, दोराला हात लावला, की धडधड. मग एक हिसका. नाथानं एक परत दिला की सगळं थांबे.

एकदा त्यानं ठरवून उत्तर दिलं नाही. मुठी खिशात घालून उभा राहिला. दोर थोडा वेळ नुसता लोंबला आणि मग त्याला पुन्हा एक हिसका आला. घड्याळात बघितलं. पुन्हा एक. बरोबर मिनिट झालं होतं. कुठं घाई नाही, राग नाही. दर मिनिटाला एक. अकरा मिनिटं त्यानं कळ काढली. बाराव्याला त्याचा हात आपोआप खिशातून बाहेर आला.

तो कुणाला सांगणार होता? नानाला? बापाला? बापानं एकदा जेवताना पाहिलं, नाथाचा उजवा हात ताटावर असताना मधूनच झटका देई. "डॉक्टरला दाखव," रंगनाथराव म्हणाले. "कायम करताना तपासणी होते." मुलाच्या हाताला काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

नोकरी सोडून जावं असं नाथाला रोज वाटे. पण कॉलेज सोडलं, आता हेही सोडलं, तर कॉलनी काय म्हणेल. आणि जुलै तीन महिन्यांवर होता. लोकांच्या बोलण्याला घाबरून नानानं दोर बांधला होता. नाथा त्याच लोकांना घाबरून तिथं जात राहिला. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

त्याच्या डोक्यात एक बारीक गोष्ट अडकली होती आणि तो तिच्याकडे नीट बघत नव्हता. आतला माणूस दर मिनिटाला हिसका देत नाही. तो बाहेरचा देतो.

७

चौदा एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो. नाथाच्या कॉलनीत त्याच दिवशी जयंतीची मिरवणूक असे, आणि बंबखान्यात सुट्टी नसे. कंपनीच्या मैदानात मांडव घातला होता. कामगारांच्या बायका, पोरं, आजूबाजूच्या गावचे लोक आले होते. साहेब खुर्चीवर. सकाळचे साडेदहा, ऊन चांगलंच तापलेलं.

मैदानाच्या कडेला धूरखोली होती. दहा बाय दहाची विटांची खोली, खिडकी नाही, पुढं दार, मागं राख काढायची एक झडप. आत ओला पेंढा आणि बारदान पेटवायचं आणि धूर कोंडला की माणसानं आत जायचं. दरवर्षी नाना स्वतः जाई. त्याचा एक डाव होता, बंबखान्यातल्या सगळ्यांना माहीत असलेला. आत शिरलं की कमरेचा दोर सोडून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचा, मागच्या झडपेतून बाहेर पडायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग परत आत जाऊन पुढच्या दारातून खोकत बाहेर यायचं. लोक टाळ्या वाजवत.

"दोर तू धर," तो नाथाला म्हणाला.

"नाना, दुसरा दोर घेऊ. हा नको."

"का? चावतो का तुला?" नानानं कमरेला गाठ मारली आणि कर्ण्यावरून म्हणाला, "मंडळी, हा दोर म्हणजे आमचा टेलिफोन."

लोक हसले. नाना धुरात गेला आणि दार अर्धं लोटलं गेलं.

नाथा उभा राहिला. पाय फाकवून, अंग मागं टाकून, दोर पाठीमागून घेऊन, वर एक वेढा मनगटाला. मनगटाला वेढा घ्यायचा नसतो. का घेतला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. गर्दीतून एक जण म्हणाला, "नीट धर रे, जमादार सुटून जाईल आणि गावभर पळेल." पुन्हा हशा.

एक हिसका आला. नाथानं एक दिला.

मग दोर धडधडायला लागला. नाथानं बंबाकडे बघितलं. बंब मांडवाशेजारी झेंडूच्या माळा घालून उभा होता, बंद. पुंजाराम बोनेटवर बसला होता.

आणि खोलीच्या कोपऱ्याआड, लोकांना दिसणार नाही अशा जागी, नाथाला नाना दिसला. झडपेतून बाहेर पडून तो तांब्यानं पाणी पीत होता. नाथाकडे बघून त्यानं हात केला, थांब जरा.

म्हणजे टोक खिळ्याला होतं.

दोराला एक हिसका आला.

नाथा हलला नाही. घड्याळ हातावर होतं, बघायची गरज नव्हती. मिनिटानं आणखी एक. लोक कंटाळले होते, कुणी म्हणत होतं, झोपले का आत. मैदानावरून गरम वारा आला आणि दाराचं अर्धं फळकूट कुरकुरत मागं गेलं. धूर बाजूला झाला. पूर्ण नाही, हातभर.

तेवढ्यात नाथाला दिसलं. पेटलेल्या बारदानाच्या उजेडात दोन फाकवलेले पाय. कॅनव्हासचा कोट. दोर पाठीमागून येऊन मुठीत गेलेला, अंग किंचित मागं टाकलेलं, शिकवलं होतं अगदी तसं. चेहरा धुरात होता. जो होता तो अडकलेला नव्हता, त्याला बाहेर यायचं नव्हतं. तो दोर धरून उभा होता. नाथासाठी. किती दिवस उभा होता देव जाणे, आणि दर मिनिटाला विचारत होता, आणि नाथा दर वेळी त्याला सांगत होता, ठीक आहे.

एक हिसका.

नाथाचा हात सवयीनं उचलला गेला. त्यानं तो थांबवला. सबंध वर्षात त्यानं एवढा जोर कशालाच लावला नव्हता. मग त्यानं दोराला हिसका दिला. एक. दोन. तीन.

क्षणभर दोर सैल पडला. मग नियमाप्रमाणे पलीकडून उत्तर आलं. एक, दोन, तीन.

आणि दोर ओढला जायला लागला.

लोक आधी हसले. नाथा टाचा रोवून मातीत दोन चऱ्या पाडत दाराकडे चालला होता, आणि ते त्यांना खेळातलंच वाटलं. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं ते उठले. दोन माणसांनी धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारली, तीही घसरली. नाना कोपऱ्याआडून पळत आला, हातात तांब्या तसाच. "सोड रे, सोड," तो ओरडला. पण आता सोडणं नाथाच्या हातात नव्हतं. मनगटाचा वेढा मांसात गेला होता. दारापासून हातभर असताना पुंजारामनं बंबावरची कुऱ्हाड आणून दोर तोडला. तुटलेलं टोक धुरात गेलं, शांतपणे, कुणीतरी नीट गुंडाळून घेतल्यासारखं.

धूर निवल्यावर खोली उघडली. पेंढ्याची राख आणि भिंतीतला खिळा. दोर कुठंही नव्हता. नानानं अहवालात लिहिलं, दोर जळाला.

८

सिव्हिल हॉस्पिटलात साहेब भेटायला आला तेव्हा नाथानं त्याला सगळं सांगितलं. बारदानाची वखार, पंपाची दांडी, सहा वेळा तीन. मनोऱ्याचं काही बोलला नाही. साहेबानं घड्याळ बघितलं. खाटेशेजारी रंगनाथराव बसले होते, पिशवीत मोसंबी घेऊन. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताप आहे त्याला, साहेब. भ्रमात बोलतो."

मेच्या शेवटी नाथा पेठला गेला. एसटीतून उतरून चार मैल चालला. ठमाबाई अंगणात नागली पाखडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

"किती वेळा?" तिनं विचारलं.

"तीन-तीन असे सहा वेळा मी पाहिले. मग मी बघणं सोडलं."

"मंग तेव्हा का नाय सांगितलास मला? मी इचारला होता."

"घाबरलो."

तिनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बाहीपाशी नजर थांबली. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, अंगणात मधोमध ठेवला, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. नाथा पाणी प्याला आणि परत चालत निघाला.

नोकरी जुलैच्या आधीच गेली होती. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.